इनायत साहेबांच्या पुंगळ्या

आमच्या ऑफिसात 'जुळलं' हा शब्द सहज तोंडातून काढायची सोय नव्हती. एखादा नवा फौजदार धापा टाकत यायचा, "साहेब, एकदम जुळून राह्यलं!" की इनायत साहेब चहाचा कप बशीत ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "ते राहू दे. आधी काय जुळत नाई ते सांग. तीन गोठी सांग. मंग जुळलेलं आयकतो." फौजदाराचा चेहरा उतरायचा. तो तीन गोष्टी शोधायला परत जायचा, आणि बऱ्याचदा त्या शोधता शोधता त्याचं जुळलेलं प्रकरण त्याच्याच हातात सुटं होऊन यायचं.

मी जिल्ह्याच्या त्या गुन्हे शाखेत हवालदार होते. टायपिंग, पत्रव्यवहार, मुद्देमाल प्रयोगशाळेत पोचवणं ही माझी कामं. साहेब मला 'रामटेके बाई' म्हणत. माझं माहेर सावलीचं, म्हणजे धानाच्या बांध्यांमधलं. साहेब वरोऱ्याचे, कापसाच्या मुलखातले. यावरून आमची रोज जुंपायची. "भात खाऊन तुमाले झोप येते, बाई." "अन् तुमाले भाकर खाऊन राग येते, साहेब." नोकरीत मी साहेब पुष्कळ पाहिले. काही ओरडणारे, काही न ओरडता काम अडवणारे. पण माझ्या नातवंडांना मी ज्यांच्या गोष्टी सांगते ते साहेब हे एकच.

इनायत शेख, पोलीस निरीक्षक. उंच, किडकिडीत, गणवेश नेहमी एक माप मोठा. नागपूरला पदार्थविज्ञान शिकले, कॉलेजात शिकवायची नोकरी मिळत होती ती सोडून खात्यात आले. त्यांची सगळ्यात जहाल शिवी म्हणजे 'बैताड', म्हणजे वेडगळ. आरोपीलाही तीच आणि स्वतःच्या लेकालाही तीच. रोजे असले की स्वतः पाण्याचा थेंब घेत नसत, पण दुपारी आम्हाला चहा आला नाही तर चहावाल्याला दटावायला हेच आधी उठत. सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, दिसली की मात्र माणूस विरघळायचा. माझ्या डब्यात सांबारवडी असली तर दुपारी एकदम माझ्या टेबलावरच्या फायली तपासायची आठवण त्यांना व्हायची.

त्यांच्या वरच्या खिशात वडिलांचं भिंग असायचं. घड्याळजी डोळ्याच्या खोबणीत अडकवतात तसलं, काळ्या नळीचं. वडिलांचं वरोऱ्याच्या बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्या दुकानातलं एक वाक्य साहेब वडिलांच्या सुरात ऐकवायचे, "बेटा, घडी खोली तो पहले ये देख, तेरेसे पहले किसने खोली थी." आधीच्या कारागिराने स्क्रूवर ओरखडा पाडलेला असतो, कुठे कानस फिरवलेली असते. ते आधी पाहून ठेवायचं, नाहीतर दुसऱ्याच्या चुका आपल्या नावावर येतात. साहेब हे सांगताना समोरची कोणतीही वस्तू उचलून भिंगाखाली धरत. चहाचा पेला, नाणं, एकदा तर कलेक्टर ऑफिसातून आलेल्या पाहुण्याची अंगठी. पाहुण्याने अंगठी पुढं आठवडाभर घातली नाही म्हणतात.

आता पुंगळ्यांबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय साहेब सांगताच येत नाहीत. बारा बोरच्या बंदुकीतून बार उडाला की मागे काडतुसाचं रिकामं टरफल राहतं. त्याला आम्ही पुंगळी म्हणायचो. तिच्या पितळी बुडाच्या मध्यभागी एक टोपी असते. बंदुकीची पिन तिच्यावर आपटते आणि खळगा पडतो. शिवाय बार उडताना ते पितळ मागच्या लोखंडावर जोरात दाबलं जातं, त्या लोखंडाच्या बारीक रेघा पितळेवर उमटतात. दोन बंदुकांचे हे ठसे सारखे नसतात. म्हणजे गुन्ह्याच्या जागी पुंगळी सापडली आणि आपल्याजवळ सगळ्या बंदुकांच्या पुंगळ्या असल्या, तर लावून पाहायचं एवढंच. पण सगळ्या बंदुकांच्या पुंगळ्या आणायच्या कुठून? गावठी भरमार बंदुकांचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्यात दारू वरून ठासतात, पुंगळी पडतच नाही. साहेब म्हणायचे, "भरमार मुकी आहे, तिचं सोडा. बोलत्या बंदुकाईचं तरी आयकू."

ती युक्ती त्यांना निवडणुकीत सुचली. निवडणूक लागली की परवानाधारकांनी आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. नव्वदीच्या दशकातली ती निवडणूक. ठाण्याठाण्यातून बंदुका भिंतीला टेकून उभ्या. साहेब मोठ्या साहेबांकडे गेले आणि परवानगी घेऊन आले. "बाई, या बंदुका नुसत्या झोपून राह्यल्या. त्याईले एकेकदा खोकाले लावू." मग गावोगाव, ठाण्यामागच्या रेतीच्या ढिगात एकेका बंदुकीतून एकेक बार. काडतूस मालकाने आणायचं. पुंगळीला परवान्याचा नंबर चिकटवायचा आणि ठेवायची कुठे, तर अंड्यांच्या ट्रेमध्ये. बारा बोरची पुंगळी अंड्याच्या खळग्यात अशी मजेत उभी राहते की जणू ट्रे तिच्यासाठीच केलाय. बसस्टँडजवळच्या अंडेवाल्याकडून साहेब रिकामे ट्रे आणत, आणि कपाटं भरत चालली. दुसऱ्या शाखेतले लोक दारात उभे राहून विचारत, "काय बाई, कोंबडी बसली का अंड्यावर?" मी म्हणायची, "बसली आहे. पण ओरडू नका, चोच मारते."

आलापल्लीच्या ठाण्यात एक म्हातारा भेटला. लालसू मडावी. शेताच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी बंदूक. डुकरांच्या भीतीने घेतलेली. डोक्याला पांढरा पटका, अंगात कोट, आणि आवाज असा की ठाणेदारच त्याच्यासमोर पाहुणा वाटावा. काडतूस द्यायला तो तयार नव्हता.

"साहेब, बंदूक मायी, काडतूस मायं, अन् उडवाचं तुमी? हे कोणतं राज्य?"

"बाबाजी, तुमच्या बंदुकीची सही घेऊन राह्यलो."

"मायी सही येते मले. बंदुकीची कायले पायजे?"

"उद्या कोणी तुमच्यावर आळ घेतला, तर हेच सही तुमाले सोडवीन. लिहून ठेवा."

म्हाताऱ्याने बराच वेळ साहेबांकडे पाहिलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून एक काडतूस काढून तळहातावर ठेवलं. "शब्द देल्ला तुमी," तो म्हणाला. "देल्ला," साहेब म्हणाले.

या ट्रेंनी पहिलं नाव काढलं ते एका बैलाच्या प्रकरणात. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून भांडण, आणि एका सकाळी एकाचा जोडीतला बैल गोळी लागून मेलेला. संशय मोठ्या घरच्या पुतण्यावर, पण त्याची बंदूक म्हणे वर्षभर कपाटात कुलूपबंद. साहेबांनी धुऱ्यावर सापडलेली पुंगळी आणि ट्रेमधली पुंगळी टेबलावर शेजारी ठेवली, पुतण्याला खुर्ची दिली, भिंग दिलं. आरोपीला स्वतः पाहू द्यायची त्यांची ही खोड मी दुसऱ्या कुठल्या अधिकाऱ्यात पाहिली नाही. पुतण्या बराच वेळ एक डोळा मिटून पाहत राहिला. साहेब म्हणाले, "मले यात तीन गोठी जुळत नाई दिसल्या, त्या अशा अशा. तुमाले चौथी दिसली तर सांगा." पुतण्याने भिंग खाली ठेवलं आणि बैलाचं काय द्यायचं ते विचारलं. दुसऱ्या दिवसापासून दारात येऊन कोंबडीची चौकशी करणारं कुणी उरलं नाही. उलट शेजारच्या जिल्ह्यातून पुंगळ्या घेऊन माणसं येऊ लागली.

मग गेडाम वनरक्षकांचं प्रकरण आलं.

आलापल्लीच्या पुढच्या सागवनात, नाल्याच्या काठावर, गस्तीवरचा हा वनरक्षक गोळी लागून मेलेला सापडला. आधी सगळ्यांनी आतल्या लोकांवर, म्हणजे नक्षल्यांवर घातलं. साहेबांनी जागा पाहिली, पुंगळी उचलली आणि म्हणाले, "हे शिकाऱ्याचं काम आहे." वनखात्याची माणसं रस्त्यावर आली. रोज वरून फोन. गेडामची बायको, कमलबाई, आमच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायची. रडायची नाही, भांडायची नाही; कुणी आत-बाहेर गेलं की फक्त मान वर करून पाहायची. साहेबांना ते पाहणं सहन होत नसे. ते मागच्या दाराने येऊ लागले, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःवरच चिडून पुन्हा पुढच्या दाराने.

ट्रे खाली उतरले. साहेब दिवसभर भिंग लावून बसले. दुपार कलताना त्यांनी एक पुंगळी उचलली, पुन्हा पाहिली, आणि तिच्यावरचा नंबर मला वाचायला सांगितला. लालसू मडावी.

आमच्या ऑफिसची रीत म्हणून मी विचारलं, "साहेब, काय काय जुळत नाई?"

"आज नको, बाई," ते म्हणाले. "ती पायरीवर बसून आहे."

टोपीवरचा खळगा थोडा चेपल्यासारखा होता. पितळेवर काही तिरप्या रेघा जास्तीच्या होत्या. हे त्यांना दिसलं होतं, नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं. पण बाकीचा ठसा इतका स्वच्छ होता की पुंगळी रस्त्यात, खिशात घासली असेल म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. बंदूक जप्त करून प्रयोगशाळेत पाठवली. आम्ही विचारलं, ही पुंगळी या बंदुकीतून उडाली आहे का? प्रयोगशाळेने उत्तर दिलं, हो, उडाली आहे. लालसू मडावीला अटक झाली. मी जीपजवळ होते. म्हातारा रडला नाही. जीपमध्ये चढताना पटका सारखा केला आणि साहेबांना म्हणाला, "तुमी म्हणले व्हते, सही सोडवीन." त्या दिवसापासून माझ्या डब्यात सांबारवडी असली तरी माझ्या फायली तपासायला कुणी आलं नाही.

खटला उभा राहायला वेळ लागला. म्हातारा तुरुंगातच. मधे दुसरी निवडणूक आली आणि पुन्हा ठाण्याठाण्यातून बंदुका जमल्या. नव्या परवान्यांच्या पुंगळ्या घ्यायच्या होत्या. एका ठाण्यात एक गृहस्थ काडतूस घेऊन आले. आपलं चांगलं काडतूस पोलिसांच्या रेतीत का घालवायचं, असा शहाणा विचार करून त्यांनी घरचं भरलेलं काडतूस आणलं होतं. जंगलपट्ट्यात हे सर्रास चाले. नवीन काडतुसं मिळायची मारामार. म्हणून लोक जुन्या पुंगळ्या जमवत, कुणीतरी त्या पुन्हा भरून देई, चेपलेली टोपी सरळ करी, आणि तीच पुंगळी पुन्हा बार काढी. आम्हाला हे ऐकून ठाऊक होतं. पण ऐकून ठाऊक असणं आणि डोक्यात असणं यात फरक आहे.

बार उडाला. साहेबांनी सवयीने पुंगळी उचलून भिंगाखाली धरली. आणि धरूनच राहिले. मी पाहत होते, त्यांचा हात हळूहळू खाली आला.

"हे पुंगळी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"मायीच जी," गृहस्थ म्हणाले.

"पहिले कोणाची व्हती?"

गृहस्थ हसले. "आता ते कोण सांगीन, साहेब? बाजारात पोतंभर येतात. कोणं उडवली अन् कोणं फेकली!"

साहेब रेतीच्या ढिगावरच बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "बाई, अब्बांनी जन्मभर एकच गोठ सांगतली. आपल्याआधी कोणं उघडलं ते पाय. अन् मी बैताड, नेमकं तेच नाई पाह्यलं." त्या पुंगळीवर दोन खळगे होते, एक चेपलेला आणि त्यावर दुसरा. दोन बंदुकांच्या रेघा होत्या, एकीवर एक.

परत आल्या आल्या त्यांनी गेडाम प्रकरणातल्या पुंगळीचे मोठे केलेले फोटो काढले. आता काय पाहायचं ते माहीत होतं, म्हणून मलासुद्धा दिसलं. खालचा ठसा लालसूच्या बंदुकीचा, स्वच्छ. आणि वर त्या जास्तीच्या तिरप्या रेघा. "या कानसेच्या रेघा आहेत," साहेब म्हणाले. घड्याळजीच्या पोराला कानस ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. कुणीतरी घरी कानस घासून बनवलेल्या गावठी बंदुकीचा ठसा होता तो. लालसूने कधीतरी डुकरावर बार काढला, पुंगळी बांधावर फेकली. ती कुणी उचलली, पुन्हा भरली, आणि गेडामवर उडवली ती दुसऱ्याच बंदुकीने.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी साहेबांना समोर बसवलं आणि समजावलं. मी चहा आणि फायली घेऊन तिथेच होते. "इनायत, प्रयोगशाळेनं सांगितलंय ते खरंच आहे ना? पुंगळी त्याच बंदुकीतून उडाली आहे ना? मग बाकीचं बचावाच्या वकिलाला शोधू दे. तुझे ट्रे बघायला वरून माणसं येणार आहेत. कॉम्प्युटरवर पुंगळ्यांचे फोटो जमवायचं यंत्र आणणार आहेत, त्यात तुझा संग्रह घेणार म्हणतात. आता तूच उभं राहून म्हणालास की माझी पुंगळी फसली, तर कोण हात लावेल त्या ट्रेंना?"

"सर, पुंगळी नाई फसली. तिले विचारलं तेवढं ती बोलली. आपण प्रश्न चुकीचा विचारला. मी चुकीचा विचारला." मग म्हणाले, "अन् सर, मी त्या बाबाजीले शब्द देल्ला व्हता."

त्यांनी फेरतपासणीचा अर्ज दिला. प्रयोगशाळेला या वेळी बरोबर प्रश्न विचारला: शेवटचा बार कोणत्या बंदुकीचा? उत्तर आलं की वरचा ठसा लालसू मडावीच्या बंदुकीचा नाही. कोर्टात साहेब साक्षीला उभे राहिले. सरकारी वकील अवघडून गेले होते. बचावाच्या वकिलाला तर काही विचारायचंच शिल्लक ठेवलं नाही. जिथे पोलीस अधिकारी नेहमी आपलं काम बरोबर होतं हे सांगायला उभा असतो, तिथे हा माणूस आपली चूक सांगत होता. आवाज जराही न चाचरता, भिंगाखाली दिसलेली एकेक रेघ समजावून देत. मी मागच्या बाकावर होते. माझ्या आयुष्यात मला खाकीचा इतका अभिमान ना आधी कधी वाटला, ना नंतर. हे मी स्पष्टच सांगते.

लालसू सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर कमलबाई उभी होती. आता ती पहिल्यांदा बोलली. "साहेब, त्याले सोडवलं, चांगलं केलं. बुडा निर्दोष व्हता. मंग माया माणसाले कोणं मारलं?"

"मले मालूम नाई, बाई," साहेब म्हणाले. "मालूम झालं का मी सोता येऊन सांगीन. दुसऱ्या कोणाले नाई धाडणार."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कॅन्टीनमध्ये कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अंडी नासली." वरून येणारी माणसं आली नाहीत. साहेबांनी दोन दिवस कपाटांची कुलपं उघडली नाहीत. तिसऱ्या दिवशी उघडली आणि मला हाक मारली. आम्ही पहिल्या ट्रेपासून पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक पुंगळी भिंगाखाली. जिच्यावर जराही दुसरा ठसा दिसला ती वेगळी. इथून पुढे बार काढायचा तो खात्याने दिलेल्या कोऱ्या काडतुसाने, मालकाच्या नाही, असा नियम साहेबांनी घालून घेतला आणि मंजूर करून आणला. गेडाम प्रकरणातल्या वरच्या ठशाचे फोटो त्यांनी वेगळ्या पाकिटात ठेवले.

पुढच्या निवडणुकीला आम्ही आलापल्लीच्या ठाण्यात गेलो, तर ओट्यावर सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला लालसू मडावी. पटका तोच, कोट तोच. अंगाने अर्धा झालेला. साहेब जीपमधून उतरून जागीच थांबले. म्हातारा उठला, "जोहार, साहेब" म्हणाला, बंदूक ओट्यावर ठेवली आणि खिशातून काडतूस काढलं.

"हे कोरं आहे. दुकानातलं. भरलेलं नाई. पाहून घ्या."

"बाबाजी, आता काडतूस आमीच देतो."

"ते बाकीच्याईले द्या," लालसू म्हणाला. "मायी सही मायाच काडतुसानं घ्या."

साहेबांनी स्वतःचाच नियम मोडला. काडतूस भिंगाखाली धरून नीट तपासलं, बार काढला, आणि ती पुंगळी ट्रेमध्ये ठेवताना म्हाताऱ्याच्या हातात देऊन त्याच्याकडूनच ठेवून घेतली. परतीच्या वाटेत जीपमध्ये त्यांनी मला विचारलं, "बाई, डब्यात काय आहे?"

यंत्र आलं ते साहेबांच्या नोकरीच्या अखेरीला. प्रयोगशाळेतली एक तरुण बाई आमच्याकडे आली, ट्रे पाहून आधी हसली, मग वेगळ्या काढलेल्या पुंगळ्यांच्या ट्रेवर वाकली. "हे कोणी केलं? आमच्याकडे कोणत्याही संग्रहात अशी छाननी झालेली नाही," ती म्हणाली. सगळे ट्रे गाडीत चढले. कॉम्प्युटर प्रत्येक पुंगळीचा फोटो घेणार, रेघा साठवून ठेवणार, आणि नवी पुंगळी आली की साठ्यात शोधून जवळची वाटतात ती नावं क्रमाने काढून देणार. अखेरचं मत मात्र माणसानेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून द्यायचं. हे ऐकल्यावर साहेबांना यंत्र आवडलं. "म्हणजे यंत्र म्हणते, हे पाहून घ्या. 'जुळलं' नाई म्हणत. चांगल्या घरचं आहे." सगळ्यात शेवटी त्यांनी ते पाकीट दिलं आणि कमलबाईंच्या नवऱ्याच्या खुनातली मूळ पुंगळी मागवून यंत्रात घालायची विनंती लिहून दिली.

साहेब निवृत्त झाले आणि वरोऱ्याला वडिलांच्या दुकानात जाऊन बसले. घड्याळं दुरुस्त करायला फारसं कुणी येत नसे. ते बसून असत, भिंग खिशात, आणि आल्या-गेल्याशी गप्पा. मी एकदा माझं घड्याळ घेऊन गेले. मागचं झाकण उघडून ते म्हणाले, "हे तुमाले कोणं दुरुस्त करून देल्लं व्हतं? त्याले आत टाका."

त्यानंतर काही वर्षांनी त्यांचा फोन आला. चंद्रपूरच्या स्टँडवर या, एवढंच. मी तेव्हा चंद्रपुरातच नोकरीला होते, गणवेशातच गेले. साहेब आलापल्लीच्या गाडीच्या फलाटाशी उभे होते. केस पांढरे, हातात कापडी पिशवी. सिरोंच्याकडच्या जंगलात एक शिकारी टोळी पकडली होती. त्यांच्याकडच्या गावठी बारा बोरची पुंगळी यंत्रात गेली, आणि यंत्राने पहिल्या क्रमांकावर गेडाम प्रकरणातली पुंगळी काढून दाखवली. प्रयोगशाळेने जुने तपास अधिकारी म्हणून साहेबांना बोलावून घेतलं होतं. ते आदल्या दिवशी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आले होते.

"मंग, जुळलं साहेब?" माझ्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच सुधारलं, "म्हणजे, काय जुळत नाई?"

"खळगा थोडा उथळ आहे, पिन झिजली असन. एका बाजूच्या रेघा मिटल्या आहेत. अन् बुडावर एक नवा ओरखडा आहे, तो तेव्हा नव्हता." त्यांनी बोटावर तिन्ही मोजल्या. मग म्हणाले, "बाकी सगळं जुळते, बाई. कानस तेच आहे. ज्यानं ते बंदूक बनवली त्याचा हातच दिसते त्याच्यात. अन् ज्याच्याकडे सापडली, त्यानं कबूल केलं म्हणतात. पण कबुलीचं मी सांगणार नाई. ते कोर्ट पाहून घेईन."

कमलबाई आता आलापल्लीला वनखात्याच्या डेपोत कामाला होत्या. मी म्हटलं, मी येते सोबत. साहेबांनी नकाराची मान हलवली. "एकट्यानं जातो. तसा शब्द देल्ला व्हता."

"अन् तिनं विचारलं, साहेब, मांगच्या टाइमले पण तुमाले खात्री व्हती, तर काय सांगान?"

साहेबांनी पिशवी उघडून दाखवली. आत फोटोंचं पाकीट होतं आणि वर, मऊ कापडात गुंडाळलेलं, वडिलांचं काळं भिंग. "म्हणून तर हे नेऊन राह्यलो. पहिले तीन गोठी सांगीन. मंग तिच्या हाती देईन. तिनं सोता पाहावं."

गाडी लागली. ते चढले, खिडकीशी बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टरने घंटी दिली. मी फलाटावर, शेंगा विकणाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या मधे उभी राहून कडक सॅल्यूट ठोकला. चार माणसं वळून पाहू लागली. साहेबांनी काही पाहिलं नाही. ते खिडकीच्या उजेडात भिंगाची काच पुसत होते.